लेकीच्या आधी आईची तयारी

मी बाळंतपणाची तयारी करून देत असे, असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, ही बाई डिंकाचे लाडू विकत असणार. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी तर मला अळिवाचा भाव विचारला होता. मी फिजिओथेरपिस्ट. गुडघे, कंबर, मान हा माझा मूळचा धंदा. पण नव्वदच्या दशकात बंगळूरच्या चामराजपेटमध्ये, एका छोट्या प्रसूतिगृहाच्या माडीवर मी गरोदर बायकांचा वर्ग चालवला. दुखणं दाबणारी औषधं न घेता ज्यांना बाळंत व्हायचं असे, त्यांना त्या दिवसासाठी अंगाने आणि मनाने तयार करायचं, हे माझं काम. लाडू त्यांच्या घरून येत आणि मी ते आवडीने खात असे.

‘यात शिकवायचं काय? आपल्या आज्या-पणज्या काय वर्गाला जात होत्या?’ हा प्रश्न मला भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. मी उलट विचारायची, ‘तुमच्या आजीला कोणी कधी विचारलं होतं का, की बाई गं, तुझं कसं झालं?’ यावर बहुतेक पुरुष हवापाण्याबद्दल बोलायला लागत.

तर शिकवायचं काय, ते सांगते. बाळाला वाट करून द्यायला गर्भाशयाची पिशवी आवळते, ती कळ. ती हळूहळू चढते, टोकाला पोचते आणि उतरते. दोन कळांच्या मध्ये चक्क विश्रांती असते, हे अर्ध्याअधिक बायकांना ठाऊकच नसायचं. त्यांना वाटे, एकदा सुरू झालं की मूल बाहेर येईपर्यंत सुटका नाही. भीतीने अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं आणि जास्त दुखलं की भीती वाढते. हे गाडं उलटं फिरवायचं. त्यासाठी उकिडवं बसायचं, ओणवं होऊन कंबर मोकळी करायची, भिंतीला हात टेकून डुलायचं, जबडा सैल सोडायचा. आणि आवाज काढायचा. किंचाळी नव्हे. किंचाळलं की खांदे कानाला लागतात आणि श्वास वरच अडतो. तोंड उघडून, पोटातून, खालच्या पट्टीतला लांब ‘आऽऽ’ काढायचा. पहिल्या दिवशी सगळ्या लाजायच्या. मग एकीने सुरुवात केली की माडी दणाणायची आणि खाली औषधं घ्यायला आलेली माणसं जिन्याकडे बघत राहायची.

औषधांशी माझं वैर नव्हतं, हेही सांगून टाकते. प्रसूतिगृह डॉक्टर वसुंधरांचं. बाई कमी बोलणाऱ्या, पण नजर पक्की. अवघड दिसलं की त्या वेळ न घालवता इंजेक्शन देत, ऑपरेशन करत, आणि तेव्हा मी मध्ये तोंड घालायचं नाही असा आमचा करार होता. तो मी पाळला. जिला इंजेक्शन हवं असेल तिने खुशाल घ्यावं. जिला नको असेल तिला मात्र ‘नको’ म्हणण्याचं बळ हवं, आणि ते आयत्या वेळी येत नाही.

माझ्याकडे यायच्या त्या बहुतेक पुण्या-नागपूरकडून नव्याने आलेल्या मुली. नवरे कॉम्प्युटरच्या कंपन्यांत. आमचं घराणं मात्र इथलं जुनं, शहाजीराजांच्या वेळेपासूनचं म्हणतात. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं आहे की या मुली माझं बोलणं ऐकून एकमेकींकडे बघून हसायच्या. मी म्हणायची, ‘हसा हसा. कळ आली की स्वल्प थांबा आणि श्वास सोडा, एवढं कळलं तरी सरी.’ सरी म्हणजे ठीक. सगळ्या मला अक्का म्हणत.

सुरुवातीला मी नवऱ्यांना वर्गाला बोलवत असे. त्यातला माझा अव्वल विद्यार्थी म्हणजे मंदार. बायको शिल्पा नागपूरची. मंदारने कंबर दाबायला शिकून घेतलं, श्वास शिकून घेतले. शिल्पापेक्षा त्याचाच सराव जास्त. मग डोहाळजेवण झालं आणि शिल्पा रीतीप्रमाणे माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी! तयार झालेला गडी बंगळुरात आणि बाळंतीण नागपुरात.

मंदार डगमगला नाही. आमच्या प्रसूतिगृहाखाली एसटीडीचं बूथ होतं. तो रोज संध्याकाळी त्या काचेच्या खोक्यात उभा राहून फोनवर शिल्पाकडून श्वास करून घ्यायचा. बूथवाल्या शिवण्णाने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘अक्का, या सारांना दम्याचा त्रास आहे का?’ शिल्पाला कळा सुरू झाल्याचं कळलं तेव्हा मंदारने तिथूनच नागपूरच्या इस्पितळात फोन लावला. पलीकडे कोण आहे हे न विचारता त्याने ‘हूऽऽ’ करून लांब श्वास सोडायला सुरुवात केली. तिकडून आवाज आला, ‘साहेब, मी इथला कारकून आहे. माझी तब्येत ठीक आहे.’

शिल्पाचं बाळंतपण सुखरूप झालं. पण गुंगीचं इंजेक्शन घेऊन झालं. बाळ घेऊन परत आली तेव्हा ती माझ्या समोर बसून म्हणाली, ‘अक्का, कळा मी नीट घेत होते हो. डॉक्टरसुद्धा म्हणाले, छान चाललंय. पण आई रडायला लागली. मग मावशी रडायला लागली. आईने डॉक्टरांचे हात धरले, पोरीचे हाल बघवत नाहीत, काहीतरी टोचा म्हणाली. मी डॉक्टरांकडे बघत होते, डॉक्टर आईकडे. शेवटी आईचं रडणं थांबावं म्हणून मीच म्हटलं, टोचा.’ मग बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, ‘मी तयार होते. आई तयार नव्हती.’

त्या एका वाक्याने माझ्या वर्गाची घडी बदलली. शिकवायचं नवऱ्याला आणि सोपवायचं आईच्या ताब्यात, हे आपल्याच लोकांना सुचू शकतं. मी नियम केला. त्या दिवशी जी बाई खोलीत असणार, तिने वर्गाला यायचं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना प्रवेश नव्हताच. म्हणजे आईने यायचं. माहेरी जायचं असेल तर आधी आईला इकडे बोलवा, शिकवून मग दोघी मिळून जा. नाहीतर बाळंतपण इथेच करा.

या नियमाने किती घरांत भांडणं लागली, विचारू नका. व्याही फुगले. आया म्हणाल्या, ‘जावयाच्या घरी महिना महिना कसं राहायचं? लोक काय म्हणतील?’ पण आल्या. एक आई वर्गभर स्वेटर विणत बसे आणि मी ‘श्वास घ्या’ म्हटलं की टाके चुकायची. आमच्याच जुन्या बंगळुरी मराठ्यांपैकी एक सासूबाई तर न बोलावता सुनेबरोबर आल्या आणि सगळ्यांत छान उकिडव्या बसल्या. नातू झाल्यावरही त्या येतच राहिल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘कंबर दुखायची थांबली गं.’ आता मोठ्या इस्पितळांत असले वर्ग असतात, रबरी चेंडू असतात, गालिचे असतात. नवऱ्यांना आत घेतात, हे फार चांगलं झालं. आमच्या वेळी ते जमलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे. पण आईला शिकवणारं कोणी माझ्या पाहण्यात नाही.

अनघाची आई, कुमुदताई, ही माझी सगळ्यांत अवघड विद्यार्थिनी. अनघा पुण्याची, नवरा समीरबरोबर बनशंकरीला राहायची. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा दुखण्यावरच्या इंजेक्शनने तिला दोन दिवस उलट्या आणि ग्लानी. आपण आपल्या अंगातच नव्हतो, असं ती म्हणायची. बाळ येईल तेव्हा तसं व्हायला नको, मला लख्ख जागं राहायचंय, एवढंच तिचं मागणं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे, जमेल. आईला पुण्याहून बोलावलं. कुमुदताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका. साठवलेली रजा काढून आल्या. सगळ्या चटईवर बसल्या तरी त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, ‘तुमचं मराठी ऐकायला मौजेचं आहे हं, बाई.’

मी म्हटलं, ‘तुमच्याकडूनच निघालं होतं, आई. वाटेत स्वल्प मिसळलं.’

वर्गात एक सराव असे. मुलीने मुठीत बर्फाचा खडा धरायचा, हात ठणकायला लागला की श्वास आणि आवाज यांच्या आधाराने ते सोसायचं. बर्फ आणि कळ यांची तुलना नाही, पण दुखत असताना सैल कसं राहायचं ते कळतं. अनघाने खडा धरला. डोळे मिटले, तोंड उघडलं, ‘आऽऽ’ सुरू केलं. तेवढ्यात कुमुदताई खुर्चीवरून उठल्या, तिच्या मुठीतून बर्फ काढला आणि खिडकीतून खाली फेकला. खाली कोणाच्या डोक्यात पडला नाही हे नशीब.

‘पुरे. हात बघा किती लाल झालाय तिचा.’

‘आई,’ मी म्हटलं, ‘बर्फ फेकलात. त्या दिवशी कळ कुठे फेकणार?’

त्या परत खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, ‘आणि हा आवाज कशाला? माझी दोन बाळंतपणं झाली. दोन्ही वेळा माझा आवाज ओसरीपर्यंत गेला नाही. सासूबाई गावभर कौतुक सांगायच्या.’ हे सांगताना त्यांची मान ताठ होती. अनघा मात्र चटईचे धागे काढत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मला भेटायला आली. ‘अक्का, आई समोर असली की माझा आवाजच फुटत नाही. लहानपणी पडलो तरी रडायचं नाही, अशी शिस्त होती आमच्याकडे. तिला बाहेर बसवलं तर ती जन्मभर विसरणार नाही. काय करू?’

एक मला अनुभवाने माहीत होतं, की कर्तबगार बाईला रिकामं बसवू नये. मी कुमुदताईंना काम दिलं. मनगटाजवळच्या तळव्याने माकडहाडावर दाब कसा द्यायचा ते शिकवलं. बाईंचा हात चांगलाच बसला. दाबता दाबता त्या इतर मुलींच्याही कंबरा तपासायला लागल्या, आणि एकीला ‘उद्या वेळेवर ये’ अशी तंबीही दिली. शेवटच्या वर्गाला त्यांनी मला शब्द दिला, ‘मी रडणार नाही. टोचा म्हणणार नाही. पण ते ओरडणं मला पटत नाही, बाई.’ मी तेवढ्यावर समाधान मानलं.

कळा सकाळी सुरू झाल्या. रिक्षाने तिघं आली. समीर खाली बाकावर बसला, आई-लेक वर आल्या. सुरुवातीचे तास उत्तम गेले. अनघा चालत होती, डुलत होती, मध्ये इडली खाल्ली. कुमुदताईंचे हात बरोबर जागी पडत होते. मला वाटलं, आज माझं काम नुसतं बघायचं.

दुपार व्हायला आली आणि गाडी अडली. कळा जोरात येत होत्या, पण पिशवीचं तोंड अर्धं उघडून तिथेच राहिलं. डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकले. ते छान होते. त्या म्हणाल्या, ‘थोडा वेळ बघू. पुढे गेलं नाही तर सलाइन लावते.’ सलाइनमधून कळा वाढवण्याचं औषध जातं. त्या कळा एकदम अंगावर येतात, आणि ते सोसवेना की बहुतेक वेळा पाठोपाठ गुंगीचं इंजेक्शन. अनघाला हे माहीत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी कोपऱ्यात उभी राहून दोन-तीन कळा नुसत्या बघितल्या. कळ आली की अनघा टॉवेलचा बोळा दातांत धरायची. जबडा आवळलेला, खांदे वर, पायाची बोटं वळलेली. वर्गात शिकलेलं सगळं गेलं कुठे? आणि मागून कंबर दाबत कुमुदताई तिच्या कानाशी म्हणत होत्या, ‘शाबास. आवाज नाही. शाबास माझी बाय.’

मी त्यांना दारापाशी घेतलं. ‘आई, तुम्ही स्वल्प बाहेर बसा.’

त्या दुखावल्या. ‘का? मी रडले? टोचा म्हटलं? सांगितलंत ते सगळं करतेय मी.’

‘करताय. पण ती तुमच्यासाठी गप्प राहतेय. तुमच्या शाबासकीसाठी दात आवळून बसलीय. असंच चाललं तर सलाइन लागेल, आणि तिला जे नको होतं तेच होईल.’

मी हे जरा कडक बोलले. वेळ कमी होता. कुमुदताईंनी वळून लेकीकडे बघितलं. अनघाने घामेजलेली मान आमच्याकडे वळवली होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार. एवढ्यात पुढची कळ चढायला लागली आणि तिने टॉवेलसाठी हात पुढे केला.

कुमुदताई बाहेर गेल्या नाहीत. त्या तरातरा तिच्याकडे गेल्या, टॉवेल बाजूला भिरकावला, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि स्वतः तोंड उघडलं. पहिला आवाज अगदीच किरटा आला, प्रार्थनेच्या वेळी शाळेत काढतात तसा. अनघा एवढ्या कळेतही हसली. मग कुमुदताईंनी पुन्हा श्वास घेतला आणि या वेळी तो खालून आला. ‘आऽऽऽ’. भरदार, लांब, जराही न लाजता. अनघाने एक क्षण आईकडे बघितलं आणि तिचाही जबडा सुटला. दोघींचा आवाज एक झाला.

त्यानंतरची प्रत्येक कळ त्या दोघींनी मिळून घेतली. कपाळाला कपाळ लावून. खालच्या रस्त्यावरची फूलवाली वर बघायला लागली. समीर घाबरून जिन्याच्या मध्यापर्यंत आला आणि आमच्या मदतनीस गौरम्माला विचारू लागला, ‘दोन आवाज का येतायत? बाळंत कोण होतंय?’ गौरम्मा हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, ‘इब्बरू.’ म्हणजे दोघी.

नुसत्या आवाजाने झालं, असा दावा मी करणार नाही. अडलेली बाळंतपणं कधी कधी आपोआपही पुढे सरकतात, आणि माझ्या धंद्यात फुशारकी मारणाऱ्याची फजिती ठरलेली असते. पण डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘सलाइन बेडा,’ त्या म्हणाल्या. नको. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. अनघा लख्ख जागी होती. बाळ छातीवर ठेवलं तेव्हा ती हसत होती, रडत होती आणि सगळ्यांना नावानिशी हाका मारत होती.

नंतर सिस्टर रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन घेऊन आली, तर कुमुदताई तिच्या वाटेत हात आडवा घालून उभ्या. ‘इंजेक्शन नाही! ठरलंय आमचं!’ सिस्टर बिचारी मागे सरली. हे दुखण्याचं नाही, हे लागतंच, असं मी समजावलं तेव्हा बाईंनी हात काढला आणि म्हणाल्या, ‘मग हे वर्गात आधी सांगायला हवं होतं.’ मुख्याध्यापिका परत आल्या होत्या. पुढच्या वर्गापासून मी ते सांगायला लागले.

अनघा झोपली, बाळ झोपलं. समीर पेढे आणायला धावला. मी हात धुवायला वर्गाच्या खोलीत गेले तर कुमुदताई खिडकीपाशी एकट्या बसल्या होत्या. चटईवर, खाली. त्यांचा घसा पार बसला होता.

मी म्हटलं, ‘गरम पाणी देते. मीठ घालून गुळण्या करा, उद्यापर्यंत मोकळा होईल.’

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘अक्का, ते सगळं ओरडणं काही अनघासाठी नव्हतं हो.’

मी त्यांच्याजवळ बसले.

‘तिच्यासाठी होतं ते थोडं,’ त्या म्हणाल्या. ‘बाकीचं माझ्या दोन बाळंतपणांचं होतं. राहून गेलं होतं.’